तोंडी ज्ञानाला ग्रंथालयाचा आधार



जखमेवर हळद लावावी, हे आपल्या घरोघरी ठाऊक. तरीही १९९५ साली अमेरिकेत त्याचे पेटंट दिले गेले! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख पुराव्यादाखल मांडला, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. साक्ष दिली ती जपून ठेवलेल्या कागदाने.

तळेघर परिसरातील महादेव कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतात. फळ केव्हा उतरवावे, कसे वाळवावे, हे जाणत्यांना तोंडपाठ असते. पण सांगणारा गेला की तेही जाते. म्हणून मुलांनो, वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या संमतीने व नावासह वहीत उतरवा आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पालकहो, त्यांना सांगायला वेळ काढा.