आदिवासींच्या इतिहासाची साधने
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आदिवासी समाजाचा इतिहास कोणी लिहिलाच नाही, असे आपण वारंवार ऐकतो. हे अर्धसत्य आहे. पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते कोठे व कोणत्या नावाखाली आहे, हे ठाऊक नसल्याने ते गावापर्यंत पोहोचत नाही.

हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल व नकाशे पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. नेमके पान हाती न लागल्यास खरा हक्कही दुबळा ठरतो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे आपल्या गावाचा जुना पत्ता. पालघर जिल्हा २०१४ मध्ये निर्माण झाला. त्याची माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पाहावी लागते. नंदुरबारसाठी १८८० चे खानदेश गॅझेटियर उघडावे. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर, म्हणजे पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात होते, आणि चांदा हा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचा भाग होता. म्हणून तेथील गोंड समाजासाठी रसेल व हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड पाहावेत. मुंबई इलाख्यातील जमातींसाठी एन्थोवेन यांचे तीन खंड आहेत.

दुसरी पायरी संस्थांची. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत ग्रंथालय व संग्रहालय आहे. मूळ सरकारी कागदपत्रांसाठी पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई व पुणे येथील दप्तरांकडे वळावे. चौकशी करताना तालुका, कालखंड आणि महसूल की वन खाते, हे स्पष्ट लिहावे. केवळ ‘आदिवासींची माहिती हवी’ असे लिहिल्यास शोध पुढे सरकत नाही.

मात्र हे लेखन बहुतांशी बाहेरच्या अधिकाऱ्यांचे आहे. त्यातील गावे, सीमा व वहिवाटीच्या नोंदी अवश्य घ्याव्यात. जमातींविषयीचे अवमानकारक शेरे प्रमाण मानू नयेत.

शेवटचे साधन आपल्या दाराशीच आहे. दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी नोंदविलेले कथन हादेखील नियमांनुसार पुरावाच आहे. ग्रंथालय उद्याही उघडेल. परंतु वृद्धांच्या स्मृतीला उद्याची शाश्वती नाही. म्हणून शिक्षकांनी वही घ्यावी, ग्रामसभेने वेळ द्यावा आणि हे काम या महिन्यातच आरंभावे, अशी माझी विनंती आहे.