मिस्त्री
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला पाच मिनिटे दिली आहेत. बँकेत असताना ग्राहकाला पाच मिनिटे सांगून अर्धा तास बसवून ठेवायची सवय होती, तरी प्रयत्न करतो.

आज इथे बऱ्याच जणांचे सत्कार झाले. एक राहिला, कारण तो माणूस आता आपल्यात नाही. त्यांचे नाव मी घेत नाही, कारण आपल्यापैकी कोणी ते कधी घेतलेच नाही. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचे ते ‘मिस्त्री’. खरे तर आपल्यासारखेच शेअर सर्टिफिकेटवाले सभासद. पण नळ गळाला की आपण त्यांची बेल वाजवायचो. रात्री अकरालासुद्धा. आणि ते पाना घेऊन यायचे.

एकच दिवस ते सापडायचे नाहीत, तो म्हणजे रविवार. शनिवारी संध्याकाळी हत्यारांची पिशवी खाली ठेवायची, सॅक उचलायची, गोवंडीहून कुर्ला आणि कुर्ल्याहून कसारा लोकल. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, सगळीकडे जाऊन यायचे. रविवारी रात्री चिखलाच्या बुटांनी परत आले की आधी पंपरूममध्ये डोकवायचे, मग घरी. वहिनी चिडायच्या. मुलगी सहा वर्षांची झाल्यापासून तिलाही न्यायला लागले. मुलीच्या जातीला एवढे रानावनात फिरवू नये, असे जिन्यात बोलणारे लोक होते. त्यांत मीही होतो.

डोंगरावर जाऊन हा माणूस बघायचा काय, तर पाणी! शिवनेरीवर गेले की शिवजन्मस्थानाला नमस्कार करायचे आणि गंगा-जमुना टाक्यांपाशी जाऊन बसायचे. खडकात टाकी कुठे खोदली, पाणी कुठून येते, उन्हाळ्यात किती उरते. वर्षानुवर्षे तेच.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

२००९ साली पाऊस लांबला, तलाव आटले, पालिकेने पाणीकपात केली. आठवत असेल, आपण बादल्या घेऊन टँकरपाशी भांडत होतो. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मिस्त्री उठले. गच्चीवरचे पावसाचे पाणी खाली वेगळ्या टाकीत घेऊ, फ्लशला, गाड्या धुवायला, बागेला वापरू, असे म्हणाले. वहीच्या कागदावर नकाशाही काढून आणला होता. मी तेव्हा खजिनदार. मी म्हणालो, “पाइप कोण आणणार आणि मजुरी कोणाला मिळणार, तेही एकदा विचारून घ्या.” दोन-चार जण हसले. मिस्त्रींनी कागदाची घडी केली, खिशात ठेवला आणि बसले. ठराव पडला.

पुढच्या रविवारी पहाटे पाचला बेल वाजली. दारात मिस्त्री, शेजारी मुलगी. “चला साहेब, आज जवळच जायचंय.” नाही म्हणायला तोंड नव्हते. कुर्ला, दादर, बोरिवली अशा गाड्या बदलत आम्ही कान्हेरीला पोचलो. लेणी मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, म्हणजे डबा खाल्ला होता. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. मिस्त्रींनी मला मूर्तींपाशी उभेच राहू दिले नाही. कातळावर हातभर लांब, बोटभर खोल अशा पन्हळी दाखवल्या. चढावरचे पावसाचे पाणी त्या पन्हळींतून लेण्याशेजारच्या टाक्यात जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंची सोय! त्या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हणतात. हे मला मी ग्रॅज्युएट असून माहीत नव्हते, त्यांना होते.

मग मुलीने आपल्या बाटलीतले पाणी वर एका पन्हळीत ओतले आणि त्याच्याबरोबर बोट फिरवत खाली आली. पाणी वळणे घेत टाक्याच्या काठापर्यंत गेले. मिस्त्री एवढेच म्हणाले, “बघा साहेब, पंप नाही, लाइट बिल नाही.” सभेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

परत आल्यावर ठराव मी मांडला. काम पुढच्या पावसाआधी झाले. मिस्त्रींनी मजुरीचा एक रुपया घेतला नाही. सामानाची प्रत्येक पावती तारखेप्रमाणे टाचून माझ्या हातात दिली, अगदी टेफ्लॉन टेपची आणि सॉकेटचीसुद्धा. इतकी स्वच्छ व्हाउचरे मी नोकरीतही पाहिली नाहीत. ती तशी का दिली, हे मला कळले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही जिन्यात भेटत होतो, आणि मी त्यांना ‘चुकलो’ म्हटले नाही. पुढे गुडघे गेले, डोंगर सुटले. मग हार्बरच्या गाडीने शिवडीला जाऊन जेटीवरून फ्लेमिंगो बघायचे. दोनदा मला बोलावले. एकदा मी गेलो नाही, एकदा गेलो, तेव्हाही पक्ष्यांविषयीच बोललो.

त्यांची मुलगी आज पहिल्या रांगेत बसली आहे. बाळ, तू तेव्हा लहान होतीस, सभेत काय झाले ते तुला कदाचित घरी कोणी सांगितलेही नसेल. मी तुझ्या वडिलांवर सगळ्यांसमोर संशय घेतला होता. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो होतो.

परवा इमारतीला रंग दिला तेव्हा कंत्राटदाराने विचारले, पंपरूमच्या भिंतीवर काहीतरी लिहिलंय, पुसू का? ऑइलपेंटने मिस्त्रींच्या हातचे आहे ते, ‘पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या, मग चावी फिरवा.’ तेवढी जागा सोडून रंग दिला आहे. यंदा जूनमध्ये चावी फिरवायला मी गेलो होतो. जाम झाली आहे, माझ्याच्याने फिरली नाही. नवीन कमिटीने तेवढी बघावी.