बंद फाउंड्रीची काळी वाळू गोठ्यात नको



ओतकामाचा कारखाना, म्हणजे फाउंड्री, बंद पडली की पत्रे जातात, मोटारी जातात. मागे राहतो काळ्या वाळूचा ढीग, भट्टीची राख आणि गंजकी पिंपं. मग मृगाच्या तोंडाला कुणी ट्रॅक्टर नेतो आणि दोन खेपा गोठ्यात टाकतो. चिखल होत नाही, शिवाय फुकट!

ही वाळू साच्यांची. तीत बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी कालवलेली असते, कधी फिनॉलची राळही. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या पुष्कळ. तिथं या वाळूचा प्रश्न जुनाच आहे. निव्वळ लोखंडाची वाळू तपासून भरावाला वापरता येते. पितळ-कांस्य ओतलेल्या वाळूत मात्र शिसं, तांबं, जस्त राहतं. आणि बंद आवारातला कोणता ढीग कशाचा, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

शिशाचा पहिला फटका वासरांना, कारण त्यांना चाटायची सवय. फुटकी बॅटरी, जुना रंग, जळकं ऑइल ती चाटतात. मग दिसेनासं होतं, दात खातात, झटके येतात, डोकं भिंतीला लावून उभी राहतात. जनावर पिसाळलं असं आपल्याला वाटतं. पिसाळलेलंही असू शकतं, म्हणून तोंडात हात घालू नका. पशुवैद्यकांना बोलवा आणि जनावर कुठं चरलं, काय चाटलं ते आठवून सांगा. त्याशिवाय निदान अवघड जातं.

आपली काळी जमीन शिसं धरून ठेवते. वरच्या थरात ते वर्षानुवर्षं राहतं. तेलकट घाण मात्र उन्हाळ्यातल्या भेगांतून पहिल्या पावसाबरोबर खाली उतरते आणि खडकाच्या फटींतून विहिरीत जाऊ शकते. मृद आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह असतं, शिसं नसतं. तेव्हा पत्रिका चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. विहिरीचं पाणी तपासायला देताना ‘शिसं आणि क्रोमियम पाहावं’ असं लिहूनच द्या. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. उकळल्यानं ते जात नाही.

पिंपं कितीही धुतली तरी पाण्याला, धान्याला नकोत. आतलं तेल ओढ्यात सांडू नका.

ढिगाला हात न लावता गट नंबर टाकून ग्रामपंचायतीचा ठराव करा. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नांदेड किंवा लातूरच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या, प्रत तहसीलदारांना, आणि पोच घ्या. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं मंडळाकडे पाठवायची, असं त्यात आहे. वेळ लागेल. भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ ची. तिथल्या बंद कारखान्यातला ३३७ टन कचरा हलायला जानेवारी २०२५ उजाडला.

वाळू आधीच टाकली असेल तर वासरं आज दुसरीकडे बांधा. वाळू ओली करा म्हणजे धूळ उडणार नाही, नाकाला फडकं बांधून ती पोत्यांत भरा आणि पावसापासून झाकून ठेवा. त्या गोठ्यातलं शेणखत यंदा भाजीपाल्याला घालू नका.