चाचणीची आवृत्ती आणि कामाची आवृत्ती

(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कचेरीतील नोंदवह्यांची जागा संगणकाने घेतली आणि कामाला वेग आला. त्याबरोबरच एक नवी जबाबदारीही आपल्यावर येऊन पडली. नोंदवहीवर शाई सांडली तर एखादे पान खराब होते. परंतु संगणकाच्या आज्ञावलीत, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये, गंभीर दोष असल्यास सबंध दप्तर नाहीसे होऊ शकते. म्हणून आपण आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरतो, हा विचार केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

आवृत्त्यांचा क्रम

नवी आज्ञावली प्रथम निर्मात्यांकडेच तपासली जाते. ही अल्फा अवस्था होय. त्यानंतर ती बाहेरच्या इच्छुक परीक्षकांना देतात; ती बीटा आवृत्ती. पुढे प्रकाशनास जवळजवळ सिद्ध झालेली उमेदवार आवृत्ती निघते आणि अखेरीस सर्वांसाठी स्थिर आवृत्ती. कृषी विद्यापीठाने तयार केलेले नवे वाण चाचण्यांतून पार पडल्यावरच शेतकऱ्यांसाठी प्रसारित होते, तसाच हा क्रम आहे. चाचणीतील बियाणे कोणताही जाणता शेतकरी आपल्या सबंध शेतात पेरणार नाही.

घडलेली उदाहरणे

२००८ साली लिनक्स या कार्यप्रणालीच्या २.६.२७ क्रमांकाच्या गाभ्याची चाचणी चालू होती. त्या आवृत्त्या वापरणाऱ्या काही संगणकांत इंटेल कंपनीच्या विशिष्ट नेटवर्क कार्डांची स्थायी स्मृती बिघडली आणि ती कार्डे निकामी झाली. संशय प्रथम कार्ड चालविणाऱ्या आज्ञावलीवर गेला. प्रत्यक्षात गाभ्यातील हालचालींचा माग ठेवणारी दुसरीच एक सोय चुकून त्या स्मृतीत लिहीत होती. आज्ञावलीच्या दोषाने यंत्राचीही हानी होते, हे येथे दिसून आले.

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस याच गाभ्याची ५.१२ ही पहिली उमेदवार आवृत्ती निघाली. संगणकाची स्मृती अपुरी पडली की काही मजकूर तात्पुरता डिस्कवरील एका राखीव संचिकेत ठेवला जातो. या आवृत्तीत तो मजकूर त्या संचिकेऐवजी डिस्कवर भलत्याच जागी, म्हणजे इतर संचिकांवर, लिहिला जाऊ शकत होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती आवृत्ती वापरू नये, असे जाहीर केले. इतकेच नव्हे, तर तिच्या नावालाच 'वापरू नका' अशा अर्थाचा शब्द जोडला. निर्मात्यालाच असा इशारा द्यावा लागतो, तेथे सामान्य वापरकर्त्याने धाडस कशासाठी करावे?

परतीची वाट

दुसरा धोका सहसा ध्यानात येत नाही. नवी आवृत्ती बसविणे सोपे असते. मागे परतणे तितके सोपे नसते. उदाहरणार्थ, आयफोनच्या नव्या बीटा कार्यप्रणालीवर घेतलेली राखीव प्रत आधीच्या स्थिर आवृत्तीवर परत घेता येत नाही. म्हणजे प्रत हाती असूनही तिचा उपयोग होत नाही. यासाठी चाचणी आवृत्ती बसविण्यापूर्वी घेतलेली प्रत स्वतंत्र जपून ठेवणे अगत्याचे आहे.

परीक्षकाचे मोल

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुधारित आवृत्ती सर्वांसाठी खुली केली आणि काही वापरकर्त्यांच्या संचिका पुसल्या गेल्या. वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले. काही परीक्षकांनी हा दोष आधीच कळविला होता, परंतु तक्रारींच्या गर्दीत त्याकडे वेळीच लक्ष गेले नाही. परीक्षकाचे काम किती मोलाचे आहे, हे यावरून कळते. तसेच, स्थिर आवृत्तीही पहिल्याच दिवशी घाईने बसवू नये, हा धडाही मिळतो.

आपले कर्तव्य

ज्यांना आवड आहे त्यांनी चाचणीत अवश्य भाग घ्यावा. मात्र तो वेगळ्या संगणकावर, ज्यातील काहीही गेले तरी कोणाचे नुकसान होणार नाही अशा ठिकाणी. दोष आढळल्यास तो कोणत्या परिस्थितीत उद्भवला याच्या तपशिलासह निर्मात्यांना कळवावा. कामाच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच असावी आणि तिच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात. राखीव प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि ती खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

आपल्या संगणकातील नोंदी आपल्या मालकीच्या नाहीत. त्यांत कोणाचे निवृत्तिवेतन असते, कोणाच्या जमिनीचा हक्क असतो, कोणा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती असते. स्वतःच्या वस्तूवर प्रयोग करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या ठेवीवर प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही.