खेळपट्टीचा दोष किती?

शेतकऱ्यांना काळ्या मातीचा स्वभाव सांगायला नको. ओली असताना ती फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. क्रिकेटच्या खेळपट्टीचंही असंच. भेगाळलेल्या मातीवर चेंडू पडला की कधी हातभर वळतो, कधी खालीच राहतो.

फेब्रुवारी 2017, पुण्याजवळचं गहुंजे, कसोटी सामना. कोरड्या खेळपट्टीवर भारत 105 आणि 107 धावांत बाद झाला, ऑस्ट्रेलिया 333 धावांनी जिंकली. फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने 70 धावांत 12 बळी घेतले. आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला, आणि तो योग्यच होता. पण त्याच खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने 109 धावा काढल्या, हेही विसरू नये.

ऑक्टोबर 2024 मध्ये तिथेच न्यूझीलंडने आपल्याला हरवलं. संघनिवड चुकली म्हणावं, तर नव्याने घेतलेल्या वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात 7 बळी घेतले होते. कमी पडली ती फलंदाजी.

दोन्ही सामने तिसऱ्याच दिवशी संपले. कसोटीची गोडी चौथ्या-पाचव्या दिवशी वाढते. प्रेक्षकांना ते दिवस मिळतील अशीच खेळपट्टी यजमानांनी बनवायला हवी.