यंत्राच्या पोटातील जागावाटप



पत्रिकेवर माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून काही मंडळींनी मला वाटेत गाठले आणि विचारले की, कामगार संघटनेचा माणूस संगणकाच्या भानगडीत कशाला पडला? प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही, ते एस. टी.च्या प्रवासात आणि रात्री जागून वाचलेले. पण गेली पंधरा-वीस वर्षे वाटाघाटीच्या टेबलावर मला एक नवा पाहुणा भेटू लागला आहे. त्याचे नाव 'सिस्टिम'. पूर्वी मॅनेजर म्हणे, "मी देणार नाही." त्याच्याशी भांडता येत असे. आता तोच मॅनेजर हात जोडून म्हणतो, "माझी काही हरकत नाही हो, पण सिस्टिम घेत नाही." एका कारखान्यात रात्रपाळीच्या भत्त्याचा प्रश्न असाच सहा महिने सिस्टिमच्या दारात अडून बसला होता.

भत्त्याचा हिशोब करणारा प्रोग्रॅम हा या इमारतीचा वरचा मजला झाला. त्याच्याविषयी आज मी बोलणार नाही. मला कुतूहल होते ते तळमजल्याचे. लोखंडाचा नियम कुठे संपतो आणि माणसाने केलेला ठराव कुठे सुरू होतो, ते पाहावे असे मनाने घेतले. खाली उतरत उतरत गेलो तो कर्नलपाशी पोहोचलो. हा लष्करातला कर्नल नव्हे. बदामाचे कवच फोडल्यावर आत जो गर निघतो, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. संगणक सुरू झाला की जो प्रोग्रॅम सर्वांच्या आधी येऊन बसतो आणि बाकीच्यांना जागा, वेळ आणि साधने वाटून देतो, तो कर्नल. अशा कर्नलांपैकी लिनक्स नावाचा एकच कर्नल आणि इंटेलच्या ३८६ या चिपपासून सुरू झालेले एकच घराणे आज मी घेतले आहे. कारण या कर्नलचा सगळा मजकूर कोणालाही वाचायला मोकळा आहे. ताळेबंद उघडा ठेवणाऱ्या मालकाप्रमाणे तो मला आवडला.

आता मेमरी म्हणजे काय? एका ओळीत मांडलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक बाइट मावतो. इंग्रजीतले एक अक्षर म्हणा. प्रत्येक खोलीला क्रमांक आहे, त्याला पत्ता म्हणतात. १९८५ साली आलेली ३८६ ही चिप ३२ अंकी पत्ता वापरते, आणि प्रत्येक अंक शून्य किंवा एक. म्हणजे एकंदर पत्ते किती, तर ४,२९,४९,६७,२९६. याला सोप्या भाषेत ४ गिगाबाइट म्हणतात. हा आकडा लोखंडाने ठरवला. त्यात घासाघीस नाही.

पण यापुढचा भाग नीट ऐका, कारण सगळी मेख त्यात आहे. प्रोग्रॅम जो पत्ता उच्चारतो, तो खऱ्या खोलीचा पत्ता नसतो. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. त्यांचा तिकीट नंबर कायम होता, पण आज कोणता साचा चालवायचा हे सकाळी जॉबर सांगे. काल दहाव्या साच्यावर, आज चाळिसाव्या. नंबर माणसाचा, साचा दिवसाचा. दोहोंची जोड जॉबरच्या वहीत. अगदी तीच व्यवस्था इथे आहे. प्रोग्रॅमजवळ असतो तिकीट नंबर. खरी खोली कोणती, ते कर्नलने लिहिलेल्या वहीत असते. आणि ती वही वाचून दर वेळी जोड लावून देण्याचे काम चिप स्वतः करते. एकेका खोलीची नोंद ठेवायची तर वहीच खोल्यांहून मोठी होईल, म्हणून ४,०९६ खोल्यांचा एक गट करतात आणि त्याला 'पान' म्हणतात. ४ गिगाबाइटची अशी १०,४८,५७६ पाने होतात. दोन प्रोग्रॅम एकच पत्ता उच्चारतात आणि दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचतात. एकाचा हात दुसऱ्याच्या ताटात जात नाही. वहीत प्रत्येक पानापुढे एक खूण असते: हे पान सर्वांसाठी, की फक्त कर्नलसाठी. साध्या प्रोग्रॅमने कर्नलच्या पानाला हात लावला की चिप त्याला जागच्या जागी अडवते.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, १९९१ साली हा कर्नल लिहायला घेतला तेव्हा त्याच्या यंत्रात मेमरी होती ४ मेगाबाइट. म्हणजे चिप जेवढे पत्ते देऊ शकते त्याच्या हजारावा हिस्सा. त्याची पहिली वाटणी मोठी सरळ होती. ४ गिगाबाइटचे ६४ सारखे तुकडे करायचे, प्रत्येक ६४ मेगाबाइटचा, आणि एकेका प्रोग्रॅमला एकेक तुकडा. पासष्टाव्याला जागा नाही. चाळीच्या हिशेबाने ठीक. पण गाव वाढले की चाळ पुरत नाही. पुढे ही पद्धत गेली, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची स्वतंत्र वही, अर्थात पुरे ४ गिगाबाइट पत्ते, मिळू लागले.

पुरे म्हटले खरे, पण त्यात एक भागीदार होता. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पत्त्यांतले खालचे ३ गिगाबाइट त्याचे आणि वरचा १ गिगाबाइट कर्नलचा. तीनास एक. प्रत्येकाच्या घरात वरच्या माळ्यावर तोच एक कर्नल, माळ्याला कुलूप लावून बसलेला! कोणी म्हणेल, हा मालक भाडेकरूच्या घरात कशाला राहतो? स्वतःचे घर का बांधत नाही? याला कारण आहे. प्रोग्रॅमला फाइल वाचायची असो की निरोप पाठवायचा असो, प्रत्येक वेळी कर्नलला हाक मारावी लागते. कर्नल दुसऱ्या घरात राहिला तर दर हाकेला वही बदलावी लागेल. आणि वही बदलली की चिपने स्वतःच्या खिशात ठेवलेली अलीकडच्या नोंदींची चिटोरी फेकून द्यावी लागतात. मग पुन्हा वही उघडा, पुन्हा शोधा. सेकंदाला हजारो हाका असल्या तर हा खर्च थोडा नाही. म्हणून कर्नल माळ्यावर.

पण तीनास एकच का? हे लोखंडाने सांगितलेले नाही. त्याच चिपवर मायक्रोसॉफ्टच्या ३२ अंकी विंडोजने नेहमीची वाटणी दोनास दोन ठेवली, आणि हवी तर तीनास एक करण्याची सोय दिली. लिनक्समध्येही कर्नल घडवताना दोनास दोन किंवा एकास तीन निवडता येऊ लागले. म्हणजे ४ गिगाबाइट हा नियम आहे, तीनास एक हा ठराव आहे. ठराव वाईट होता असे मात्र मी म्हणणार नाही. ४ मेगाबाइटच्या यंत्रापुढे १ गिगाबाइटचा माळा म्हणजे २५६ पट मोठा. त्या वेळी तो कोणाला अपुरा वाटला असता?

अपुरा पडला तो असा. कर्नलला यंत्रातली कोणतीही खोली चटकन हाताशी लागते, म्हणून त्याने आपल्या माळ्यात सगळ्या खऱ्या मेमरीचा सरळ नकाशा टांगून ठेवला: खऱ्या क्रमांकात ठरावीक आकडा मिळवला की माळ्यातला पत्ता तयार. पण माळ्यातले १२८ मेगाबाइट इतर कामांसाठी राखून ठेवावे लागले. १,०२४ मधून १२८ गेले; उरले ८९६. तेव्हा नकाशात बसेल अशी खरी मेमरी जास्तीत जास्त ८९६ मेगाबाइट. यंत्रात १ गिगाबाइटची पट्टी बसवा, आणि साध्या बांधणीच्या कर्नलला शेवटचे १२८ मेगाबाइट दिसतच नाहीत. माणसाने पैसे मोजले आहेत, पट्टी समोर आहे, आणि सिस्टिम घेत नाही!

यावर तोड काढली ती २००१ च्या २.४ या आवृत्तीने सर्वांपर्यंत पोहोचवली. ८९६ च्या वरच्या मेमरीला 'हायमेम' म्हटले. तिचे पान लागले की तेवढ्यापुरते माळ्यात आणायचे, काम झाले की परत. काम चालले, पण ओढाताणीने. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये खऱ्या मेमरीचा पत्ता ३६ अंकी केला होता, म्हणजे ६४ गिगाबाइटपर्यंत मेमरी लावता येऊ लागली. प्रोग्रॅमचा पत्ता मात्र ३२ अंकीच राहिला. आता हिशोब करा. ६४ गिगाबाइटची पाने १,६७,७७,२१६. प्रत्येक पानाची नोंद कर्नल ठेवतो. एका नोंदीला ३२ बाइट धरले तरी नुसती नोंदवही ५१२ मेगाबाइटची, आणि ती ठेवायची त्याच ८९६ मध्ये. निम्म्याहून अधिक गोदाम वह्यांनी भरले. मालाच्या मानाने कारकुनी किती वाढू शकते, ते आपणा सर्वांना ठाऊकच आहे.

२००३ साली इंगो मोल्नार या लिनक्सच्या कसबी कारागिराने सुचवले की माळा सोडा, कर्नलला स्वतंत्र ४ गिगाबाइट द्या आणि प्रोग्रॅमला स्वतंत्र ४. रेड हॅट कंपनीने मोठ्या यंत्रांसाठी ही रचना वापरलीही. मुख्य लिनक्समध्ये ती कधी गेली नाही. दर हाकेला वही बदलण्याचा खर्च ही तिची मोठी अडचण होती. 'परवडत नाही' हे वाक्य लक्षात असू द्या.

खालच्या अंगालाही काही जुनी देणी आहेत. १९८१ च्या आय.बी.एम. पीसीची चिप फक्त १ मेगाबाइट ओळखत असे. त्यातले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमला. वरचे पडद्यासाठी आणि यंत्र सुरू करणाऱ्या कायम मजकुरासाठी राखलेले. ही राखीव फट घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांत तशीच उतरली, आणि लिनक्सचा कर्नल कितीतरी वर्षे या फटीच्या पलीकडे, १ मेगाबाइटच्या खुणेवर उतरवला जात असे. दुसरे देणे १६ मेगाबाइटचे. १९८४ च्या पीसी-एटीच्या जोडपट्टीला पत्त्याच्या २४ तारा होत्या. त्यावर बसणारी उपकरणे १६ मेगाबाइटच्या वर थेट पोहोचू शकत नसत. म्हणून कर्नलने तेवढा पट्टा त्यांच्यासाठी वेगळा मोजला.

मग आली ए.एम.डी. कंपनीची ६४ अंकी रचना. तिची ऑप्टेरॉन ही चिप २००३ साली बाजारात उतरली. पत्ता ६४ अंकी, पण प्रत्यक्ष वापरात ४८ अंक. तरी पत्त्यांची जागा २५६ टेराबाइट. खालचा अर्धा प्रोग्रॅमचा, वरचा अर्धा कर्नलचा, आणि मधे एक अफाट ओसाड माळरान, जिथला पत्ता उच्चारला की चिप नाकारते. इथे अर्ध्या-अर्ध्याची कल्पना लोखंडातच आली. कर्नलच्या १२८ टेराबाइटमध्ये ६४ टेराबाइटचा सरळ नकाशा टांगला गेला. हायमेमची कटकट संपली. जागेचे भांडण मिटले. माळा मात्र प्रत्येक घरात तसाच राहिला, आता सगळ्या गावाच्या नकाशासकट.

३ जानेवारी २०१८ रोजी 'मेल्टडाऊन' नावाचा दोष जगजाहीर झाला. चिप घाईची असते. परवानगी तपासून होण्याआधीच ती पुढचे काम उरकू लागते, आणि परवानगी नाही असे दिसले की केलेले काम टाकून देते. कचेरीत रखवालदाराने तुम्हांला अडवले. पण तोवर कारकुनाने फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवलेली आहे. तुम्हांला फाइल दाखवली नाही. तरी पुढच्या वेळी कोणती फाइल चटकन येते हे घड्याळ लावून मोजले, तर टेबलावर कोणती होती ते कळते. इंटेलच्या बहुतेक चिपांत हे घडत होते. आणि माळ्यात सगळ्या मेमरीचा नकाशा असल्यामुळे माळ्याचे कुलूप निकामी झाले म्हणजे कर्नलचेच नव्हे, तर शेजाऱ्यांचे परवलीचे शब्दही उघडे पडले. लोखंडाने दिलेला शब्द लोखंडाने पाळला नव्हता.

चिपा परत बोलावता येत नाहीत. मग त्याच महिन्यात, ४.१५ या आवृत्तीत, लिनक्सने काय केले? कर्नल माळ्यावरून हलवला. प्रत्येक प्रोग्रॅमला दोन वह्या: एकीत माळ्याचा फक्त उंबरठा, दुसरीत सगळा कर्नल. हाक आली की वही बदलायची. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथील तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ही तजवीज मांडून ठेवली होती. तिचा गाभा २००३ च्या सूचनेसारखाच! जागेसाठी जो खर्च मुख्य लिनक्सने केला नव्हता, तो कुलपासाठी केला. डिस्क आणि नेटवर्क यांचे काम करणारे, म्हणजे कर्नलला सारखी हाक मारणारे प्रोग्रॅम मंदावले; चिपच्या चिटोऱ्यांवर नावे घालून ती राखण्याची नवी युक्ती जिथे होती, तिथे ही झळ कमी बसली.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलाकडे लिनक्सचे यंत्र असेल तर 'प्रॉक' या कप्प्यातली 'आयओमेम' नावाची यादी त्याच्याकडून उघडून घ्या. खऱ्या मेमरीचा सातबारा म्हणा ना. नव्या कोऱ्या पीसीवरसुद्धा ६४० किलोबाइट ते १ मेगाबाइट हा १९८१ चा पट्टा बहुधा राखीव म्हणून लिहिलेला दिसेल. मात्र यादी यंत्राच्या मुख्य चालकाच्या अधिकाराने उघडावी लागते. साध्या वापरणाऱ्याने उघडली तर नावे दिसतात आणि आकड्यांच्या जागी सगळीकडे शून्ये येतात. कारण कर्नल हल्ली दर वेळी सुरू होताना आपली जागा बदलून बसतो, आणि तो कुठे बसला आहे हे त्याला कोणाला कळू द्यायचे नसते.