ओट्यामागची भिंत : कडा आणि कोपरे



खेड्यापाड्यांतल्या घरांतही आता उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आला आहे, आणि ओट्यापाठोपाठ मागच्या भिंतीवर टाइल्सही आल्या आहेत. सोय मोठी आहे. फोडणीचे, हळदीचे शिंतोडे उडाले, फडकं फिरवलं, की भिंत स्वच्छ. पण वर्ष-दोन वर्षं गेली की काही घरांतून तक्रारी सुरू होतात. कोपरा काळा पडला, ओट्याच्या फटीतून मुंग्या निघतात, टोकाची टाइल हलते. भिंतीच्या मधल्या टाइलबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही. दुखणं असतं ते कडेला आणि कोपऱ्यात. म्हणून आज बोलायचं तेही कडाकोपऱ्यांबद्दलच.

असं का होतं? भिंतीची साधी टाइल हातात घेऊन पाहा. पुढच्या अंगाला काचेसारखा लेप असतो; त्यातून पाणी आत जात नाही. मागच्या अंगाला असते ती नुसती भाजलेली माती. तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, पाहता पाहता जिरून जातील. शिक्षक मंडळींनी एखाद्या फुटक्या तुकड्यावर हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. जो गुण पाठीला, तोच कापलेल्या कडेला. म्हणजे पाणी शिरणार ते कडेनं आणि सांध्यानं.

आता तुम्ही म्हणाल, हे तर गवंड्याचं काम, आम्हांला कशाला सांगता? खरं आहे. पण गवंडी काम आटोपून जातो आणि ओट्याशी रोज उभं राहायचं ते घरातल्या माणसांना. शिवाय कडा आणि कोपरे नेमके शेवटच्या दिवशी येतात, जेव्हा सगळ्यांनाच घाई झालेली असते. तेव्हा काय करून घ्यायचं, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

पहिली गोष्ट मापाची. समजा, भिंत 250 सेंटिमीटर लांब आहे आणि टाइल 30 सेंटिमीटरची. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली तर 8 अख्ख्या टाइल्स बसतात आणि उरतात 10 सेंटिमीटर. तिथं चिंचोळी पट्टी लावावी लागते. ती कापताना तुटते आणि दिसतेही वाईट. त्यापेक्षा मध्ये 7 अख्ख्या टाइल्स घ्या. उरलेल्या 40 सेंटिमीटरांचे दोन्ही टोकांना 20-20 असे सारखे तुकडे येतील. सांध्यांमुळे आकडा थोडा बदलेल, पण हिशेबाची रीत हीच. कापलेली कड कोपऱ्याकडे ठेवावी. कारखान्यातून आलेली सरळ कड उघड्या बाजूला दिसू द्यावी.

दुसरी गोष्ट आतल्या कोपऱ्याची, म्हणजे जिथं दोन भिंती मिळतात किंवा भिंत ओट्याला मिळते तिथली. भिंत वेगळी, ओट्याचा दगड वेगळा. ऊन-थंडीनं दोन्ही आपापल्या परीनं किंचित हलतात. मधली फट सिमेंटनं कडक भरली तर तिला केसासारखी चीर पडते आणि त्या चिरेतून पाणी आत जातं. म्हणून तिथं 2 ते 3 मिलिमीटर फट मोकळी ठेवावी. टाइल्समधले बाकीचे सांधे ग्राउटनं भरून सुकू द्यावेत, आणि मगच कोपऱ्याच्या फटीत सिलिकॉन भरावं. ते रबरासारखं असल्यानं भिंतीबरोबर ताणलं जातं. भरण्याआधी फट पूर्ण कोरडी हवी. दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावावी, एका दमात सिलिकॉन सोडावं, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून एकदाच फिरवावं आणि ओलं आहे तोवर पट्टी काढून घ्यावी. पुढचे 24 तास तिथं पाणी लागू देऊ नये. मग त्या दिवशी चहा अंगणात झाला तरी चालेल!

तिसरी गोष्ट बाहेर आलेल्या कोपऱ्याची. खिडकीच्या कडेला असा कोपरा येतो. तिथं दोन्ही टाइल्स तिरक्या घासून जोडतात. दिसायला हे काम छान, पण धार फार पातळ झाली तर भांडं लागून टवका उडतो. नवख्या हातानं हे करण्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची कोपरापट्टी बरी. मात्र ती टाइलबरोबरच बसवायची असते, कारण तिचं एक अंग टाइलखाली दाबलं जातं. म्हणून पट्टी आधीच आणून ठेवा, आणि टाइलची जाडी पाहूनच आणा.

राहिली वरची कड. टाइलची जाडी भिंतीच्या पुढं येते आणि तिथं पायरी तयार होते. त्या पायरीवर धूळ आणि तेलाचा चिकटा बसतो. पांढऱ्या सिमेंटचा छोटा उतार काढून घेतला की फडकं सहज फिरतं.

एक सूचना मात्र पक्की ध्यानात ठेवा. डाग काढायला अ‍ॅसिड ओतू नका. सांध्यातल्या सिमेंटला ते खातं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. आणि टाइल कापणाऱ्यानं डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क लावलाच पाहिजे. ती बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते.

काम संपलं की पैसे चुकते करण्याआधी एक नाणं घ्या आणि कडेच्या प्रत्येक टाइलवर हलकेच वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर खाली मसाला कमी आहे; ती टाइल तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्या. ही पारख घरात जी स्वयंपाक करते, तिला करू द्या. त्या कोपऱ्यात ओलं फडकं रोज फिरणार आहे ते बहुधा तिच्याच हातून. गवंड्यानंही तिचं बोलणं ऐकून घ्यावं. मधली भिंत कुणीही चमकवील, पण काम टिकतं ते कडेवर.